‘याले कूलर कुठी लावाचा?’ : आमच्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापनास खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाच्या वार्तापत्राचा नवा अंक परवा घरी आला. निवृत्त माणसालाही आपण आठवणीनं अंक पाठवता, त्याबद्दल आधी आभार. हे चार पानी वार्तापत्र १९९६ पासून २०२३ पर्यंत मीच जुळवत असे. ग्रंथपालाला काम कमी असतं असा समज तेव्हाही होता. सवय अशी लागली आहे की अंक हाती आला की मी तो वाचत नाही, तपासतो. या वेळी शुद्धलेखनाच्या चार चुका निघाल्या. ‘विद्यार्थिनी’ अजूनही दीर्घ ‘थी’ घालूनच छापलं जातं. पण पत्र त्यासाठी नाही.

पहिल्या पानावर नव्या इमारतीचं चित्र आहे. चार मजले, पश्चिमेच्या रस्त्याकडे तोंड, वरपासून खालपर्यंत निळी काच, दाराशी सात पायऱ्या, पुढे कारंजं आणि ताडासारखी तीन झाडं. आवारात फिरणाऱ्या माणसांनी कोट घातले आहेत. ही कोटवाली माणसं कॉम्प्युटरवर चित्रं काढणाऱ्यांकडे तयारच असतात म्हणे, हवी तिथे उभी करता येतात. नागपुरात मात्र ती डिसेंबरचे पंधरा दिवस सोडले तर टिकायची नाहीत.

अंक घेऊन मी चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे खायला गेलो. तिथे आपले गेटवरचे चौकीदार भेटले. चष्मा वर-खाली करत त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “चांगली हाये सर. पन याले कूलर कुठी लावाचा?”

माझं सगळं पत्र त्या एका प्रश्नात आलं आहे. तरी लिहितो, कारण अंकात म्हटलं आहे की दसऱ्याला भूमिपूजन आहे, आणि पोळा तर तोंडावर आला आहे. हाती फार दिवस उरलेले नाहीत.

आधी एक कबूल करतो, नाहीतर म्हाताऱ्याला नवं काही बघवत नाही असं व्हायचं. इमारत हवीच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवी चार वर्षांची होऊ घातली आहे, आणि आपल्याकडे आजच बी.ए. भाग एकचा मराठीचा तास प्रयोगशाळेच्या ओट्यांमध्ये बसून होतो. खोल्या कमी पडताहेत. आपण देणगीदार गाठले, कर्जाची तजवीज केली. एका लहान संस्थेला हे किती जड जातं ते मी जवळून पाहिलं आहे. तेव्हा ‘बांधू नका’ म्हणणाऱ्यांतला मी नाही.

आता कूलरचं. नागपूर एकवीस अंश अक्षांशाच्या किंचित वर आहे. २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. आपला भूगोल विभाग त्या दिवशी मैदानात काठी रोवून पोरांना हे दाखवतो. म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारपर्यंत स्लॅब तापतो आणि दोननंतर पश्चिमेची भिंत. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मेअखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि हवामान खात्याला यंत्र बिघडल्याचा खुलासा करावा लागला. गंमत म्हणजे खुलासा येईपर्यंत नागपुरात कुणाला तो आकडा फारसा खोटा वाटला नव्हता. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्या विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा चालतात.

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवा थंड होते आणि खोलीत येते. पण ती आत यायची तर आतली दमट हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. खिडकी लावून घेतली की अर्ध्या तासात नुसती चिकचिक, हे विदर्भातल्या कुठल्याही घरातलं पोर सांगेल. चित्रातल्या निळ्या काचेला उघडणारं एकही तावदान मला दिसलं नाही. दुपारभर ती काच ऊन आत घेणार आणि आतली उष्णता बाहेर सोडणार नाही. तिथे कूलर चालायचाच नाही, एसीच लागतील, तेही चारी मजल्यांना.

एसी लावू, असं आपण म्हणाल. २००९ साली आपण वातानुकूलित सभागृह बांधलं. त्याची बातमी मीच केली होती आणि मथळा दिला होता ‘महाविद्यालयाच्या शिरपेचात मानाचा तुरा’. आज तो मथळा आठवला की कानाच्या पाळ्या गरम होतात. ते सभागृह वर्षातून दोनदा उघडतं, स्नेहसंमेलनाला आणि कुणी मोठा पाहुणा आला तर. एरवी विजेच्या बिलाच्या धास्तीनं त्याला कुलूप असतं. त्याच वेळी खाली जिन्याच्या पायऱ्यांवर बसून पोरं अभ्यास करत असतात. ज्या संस्थेला एक सभागृह थंड ठेवणं परवडत नाही, तिनं चार मजले काचेत घालावेत, हा हिशेब मला अजून जमलेला नाही. वाणिज्य विभागातल्या कुणाला जमला असेल तर समजून घ्यायला मी तयार आहे.

ज्यांनी जुनी इमारत बांधली त्यांच्याकडे एसी नव्हते, त्यामुळे त्यांना विचार करावा लागला. पश्चिमेला नऊ फुटी व्हरांडा, दीड फुटाच्या भिंती, छताखाली झरोके. ऊन व्हरांड्यातच अडतं, वर्गाच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. अंकाच्या दुसऱ्या पानावर बारीक टायपात एक ओळ आहे : ‘जुन्या इमारतीचा दर्शनी भाग काढून तिथे वाहनतळ विकसित करण्यात येईल.’ दर्शनी भाग म्हणजे तोच व्हरांडा. माझ्या लक्षात यायला ती ओळ दोनदा वाचावी लागली.

दुसरा मुद्दा माझ्या घरचा, म्हणजे ग्रंथालयाचा. नव्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर, थेट गच्चीच्या स्लॅबखाली दाखवलं आहे. आपल्या अभियंत्यांना मी शिकवावं असं नाही, पण आयुष्यभर पुस्तकं उचलली आहेत म्हणून सांगतो : कागद फार जड असतो. इमारतींवरच्या भाराचं जे भारतीय मानक आहे त्यात वर्गखोलीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरतात आणि ग्रंथांच्या कपाटांच्या खोलीला किमान ६. सरळ दुप्पट. तो भार चौथ्या मजल्यावर न्यायचा तर खालचे सगळे बीम-कॉलम त्या हिशेबानं जाड करावे लागतील, पैसा त्या हिशेबानं जाईल. न केले तर काय होतं, ते आपल्याच आवारात बघायला मिळतं. नव्वदीत मागच्या बाजूला ज्या चार खोल्या काढल्या, त्यांच्या पायाखालची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पाया मुरमापर्यंत नेलाच नव्हता. दर दिवाळीला भेगा बुजवून रंग द्यायचा आणि दर जूनमध्ये त्या पुन्हा उघडायच्या. तेव्हा कुणी विचारलं नाही, मीही नाही.

भार एक वेळ सोडा. स्लॅबखालच्या उष्णतेनं पुस्तकांच्या बांधणीचा डिंक वाळतो, कागद पिवळा पडून कडक होतो. आणि माणसं तर चौथ्या मजल्यावर जातच नाहीत. लिफ्ट आहे, मान्य. पण नव्या ग्रंथपालांना एकदा विचारा, ग्रंथालयात येणारी निम्मी मुलं पुस्तकासाठी येतच नाहीत. ती बसायला येतात.

ही मुलं कोण, ते त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर छापलं आहे. चौथं पान सगळे जण अगदी शेवटी, चहाचा शेवटचा घोट घेता घेता बघतात. सत्कार, निवड, निवृत्ती, निधन, अशा दोन-दोन ओळींच्या बातम्या. मी सत्तावीस वर्षं त्या लिहिल्या, म्हणून त्या दोन ओळींमागचं मला माहीत असतं.

यंदा पहिली बातमी आहे उमरेडकडच्या एका विद्यार्थिनीची पोलीस भरतीत निवड झाल्याची. अभिनंदन. ती पोर तीन वर्षं एसटीनं आली. आमच्या वेळी उमरेड-भिवापूरची पोरं छोट्या लाईनच्या गाडीनं इतवारीला उतरायची. गाडी सायकलीच्या वेगानं यायची, पण भाडं परवडायचं आणि वेळ ठरलेली असायची. ब्रॉडगेज करायला २०१९ च्या नोव्हेंबरात ती लाईन बंद झाली आणि सगळी पोरं एसटीवर आली. पहिली बस पकडली की सातच्या आधी कॉलेजात, तास साडेनऊचा. दुपारी दीडला तास संपतात, परतीची सोयीची बस चारनंतर. म्हणजे दिवसाचे चार-पाच तास या मुलांनी बसायचं कुठे? कॅन्टीनमध्ये बसलं की काहीतरी घ्यावं लागतं. ही पोर जिन्याखालच्या कोनाड्यात बसून सामान्य ज्ञान पाठ करायची. दुसऱ्या वर्षी मी तिला ग्रंथालयाच्या दाराशी एक बाक टाकून दिला. बातमीत ‘महाविद्यालयाच्या प्रोत्साहनामुळे’ असं छापलं आहे. प्रोत्साहन म्हणजे तो बाक.

दुसरी बातमी मुलींच्या कबड्डी संघाची. विद्यापीठाच्या स्पर्धेत त्या उपांत्य फेरीपर्यंत गेल्या. नव्या आराखड्यात त्यांचं मैदान पेव्हर ब्लॉकखाली जातं आहे. तिसरी बातमी, कॅन्टीनच्या मावशींची मुलगी आपल्याच कॉलेजातून बी.कॉम. झाली. ही मला सगळ्यांत आवडली. मावशींनी तिला फराळाच्या टेबलाखाली झोपवून पोहे वाढलेले मी पाहिले आहेत. चौथी, कार्यालय अधीक्षकांची निवृत्ती. त्यांना फेटा बांधलेला फोटो आहे, डोळे मिटलेले आलेत.

पहिलं पान आणि चौथं पान कागदाच्या एकाच बाजूवर आहेत, अंक उलगडून पालथा ठेवला की शेजारी-शेजारी येतात. डावीकडे कॅन्टीनच्या मावशी, उजवीकडे निळी काच. मी बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. उजवीकडच्या चित्रात डावीकडचं एकही माणूस कुठे बसेल, कुठे डबा खाईल, कुठे सायकल लावेल, हे मला दाखवता येईना.

एक बातमी मी कधीच छापली नाही. २०१८ साली बी.कॉम. भाग एकला एक मुलगा होता, अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर आलेला. वर्ग पहिल्या मजल्यावर. मित्र रोज त्याला खुर्चीसकट उचलून नेत, हसत-खेळत न्यायचे. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. मी फोन केला तर म्हणाला, “सर, रोज कोणी उचलून घेतलं की लाज वाटते.” कॉलेज सोडणं ही काही बातमी नसते, म्हणून राहिली. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. त्या मुलाच्या प्रवेशाच्या दोन वर्षं आधीचा. आता नव्या इमारतीच्या चित्रातल्या सात पायऱ्या मोजा. पायरी सहा इंचांची धरली तर साडेतीन फूट उंची होते. एकास बारा हा उताराचा नेम लावला तर रॅम्पच बेचाळीस फूट लांब लागेल. चित्रात त्या जागी कारंजं आहे.

मुलींच्या प्रसाधनगृहाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. आज मुलांपेक्षा मुली जास्त आणि त्यांच्यासाठी चालू स्थितीत तीन संडास. उन्हाळ्यात मुली पाणी पीत नाहीत. पंचेचाळीस अंशांत दिवसभर पाणी न पिता त्या परीक्षेला बसतात आणि आपण भोवळ आल्याचं खापर उन्हावर फोडतो. चारही मजल्यांचा नकाशा अंकात नाही, तेव्हा कुठे किती आहेत ते कळलं नाही. ‘प्रशस्त गर्ल्स कॉमन रूम’ एवढाच उल्लेख आहे.

वाहनतळासाठी आवारातला कडुनिंब जाणार, असंही ऐकतो. मी १९८१ साली प्रवेश घेतला तेव्हाच त्याच्या बुंध्याला एकट्याची कव पुरत नव्हती. राज्याच्या वृक्ष जतन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज वृक्ष ठरतं, आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावावी लागतात. ती लावायला आवारात जागा कुठे राहणार, सगळीकडे तर पेव्हर ब्लॉक. आवारातल्या विहिरीचंही तेच. ती बुजवू नका. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे हजार चौरस मीटरच्या गच्चीवर दहा लाख लिटर पाणी. पाऊसपाणी जिरवण्याची सोय नव्या बांधकामाला नियमानं करावीच लागणार आहे. आयती विहीर बुजवून दुसरीकडे खड्डा खणायचा, हे काही मला उमगलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसानं अंबाझरी तलाव ओसंडला आणि घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा फरसबंदी केलेल्या शहरात पाणी कुठे जातं ते सगळ्यांनी पाहिलं.

सचिव साहेब, आपण याच व्हरांड्यात बसून गाइडं वाचली आहेत, मी साक्षीला आहे. (आपल्या नावावर १९९१ पासून एक पुस्तक येणं आहे. त्याचा इथे संबंध नाही.) आपल्याला हे सगळं मुद्दाम करायचं आहे असं मला वाटत नाही. झालं एवढंच आहे की आर्किटेक्ट आले, चित्र दाखवलं, चित्र छान होतं, बैठकीत टाळ्या पडल्या. चित्र बघायला जी माणसं बसली होती त्यांतल्या कुणाला मे महिन्यात दुपारी तीनचा पेपर द्यायचा नाही.

त्या माणसांना विचारायची सोय कायद्यानंच करून ठेवली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, कलम ९७ : महाविद्यालय विकास समिती. तिच्यात शिक्षक आहेत, शिक्षकेतर कर्मचारी आहे, माजी विद्यार्थी आहे, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव आहेत. वर्षात किमान चार बैठका आणि पायाभूत सुविधांसकट महाविद्यालयाच्या विकासाचा आराखडा करणं हे तिचं कामच आहे. समितीवरच्या दोघांशी मी बोललो. दोघांनीही इमारतीचं चित्र माझ्यासारखंच, वार्तापत्रात पाहिलं.

१ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामावरून काय घडलं ते नागपुरात कुणाला सांगायला नको. काम मंजूर होतं, सुरूही झालं होतं. पण ज्यांच्या श्रद्धेची ती जागा, ते हजारोंनी जमले आणि सरकारला काम थांबवावं लागलं. आपल्या कॉलेजची त्या भूमीशी बरोबरी करायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे कुणी हजारांनी येणार नाही. फार तर पोट्टे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत काचेच्या इमारतीचा बडग्या, म्हणजे पुतळा, करून मिरवतील आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणतील, आणि आपल्याला मुकाट्यानं हसावं लागेल. तरीही माझी विनंती आहे की भूमिपूजन दसऱ्यावरून पुढे ढकला. विकास समितीची बैठक बोलवा, तिच्यापुढे चारही मजल्यांचे नकाशे आणि खर्चाचा अंदाज ठेवा. इमारतीचं तोंड उत्तरेकडे फिरवता येतं का आणि पश्चिमेला काचेऐवजी व्हरांडा काढता येतो का, हे आर्किटेक्टना लेखी विचारा. ग्रंथालय तळमजल्यावर आणा आणि त्याला लागून एक खोली अशी ठेवा जिला सकाळी सात ते संध्याकाळी सात कुलूप नसेल. तिला टाइल्स नसल्या तरी चालतील. पंखे, दोन कूलर, समोरासमोर खिडक्या आणि बाक पुरेत.

आणि ते नकाशे आठवडाभर व्हरांड्यात लावा. गर्दी कार्यालयाच्या काचपेटीसमोर होत नाही, ती कॅन्टीनकडे जाणाऱ्या भिंतीपाशी होते. खाली एक वही बांधून ठेवा. पोरं त्यात आचरटपणाही लिहितील, सत्तावीस वर्षं सूचनापेटी उघडली आहे, मला माहीत आहे. शंभरात नव्वद चिठ्ठ्या फालतू निघत. उरलेल्या दहांतल्या एकीत लिहिलं होतं की जिन्याखाली एक दिवा लावा.

नकाशे लावताना पिना शोधत बसू नका. ग्रंथालयाच्या काउंटरच्या उजव्या खणात पिनांची एक डबी आहे, निवृत्त होताना मी ती तिथेच ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल
(बी.ए., १९८४ ची बॅच)
नागपूर